बिनकुलपाचे घर आणि प्रयोगशाळेतील धाकटा कामकरी

अहिल्यानगराहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर घोडेगाव लागते, आणि तेथून आत वळले म्हणजे थोड्याच वेळात शनिशिंगणापूर येते. नेवासे तालुक्यातील आमच्या वाचकांस हे गाव परके नाही. तेथील घरांस पिढ्यान्पिढ्या दारे व कुलपे नाहीत, ही गोष्ट दूरदूरच्या लोकांसही ठाऊक आहे. चौकट असते, तिला फार तर पडदा असतो, किंवा कुत्रे आत शिरू नये म्हणून एखादी फळी आडवी लावलेली असते. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा उघडली, तेव्हा तिनेही गावाच्या चालीस मान देऊन आपल्या दारास नेहमीसारखे कुलूप लावले नाही.

या उघड्या घरांची राखण कोण करतो, असे विचारले तर गावकरी एकच उत्तर देतात: येथे चोरी करणारास शनिदेवाची शिक्षा झाल्यावाचून राहत नाही. म्हणजे राखणदार भय होय. आमची श्रद्धा निराळी आहे. तथापि या समजुतीची थट्टा करणे आम्हांस शोभणार नाही. शेजाऱ्याच्या उघड्या घरात हात घालू नये एवढा धडा ज्या गावाने पिढ्यान्पिढ्या गिरवला, त्या गावापुढे कडीकोयंड्यात राहणाऱ्या आपण नम्र असावे हेच बरे. पण हेही खरे की, २०१० साली एका यात्रेकरूने आपल्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार केली; आणि २०२५ साली देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅप चालवून भाविकांचे पैसे घेतल्याच्या आरोपावरून पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्यात दोषी कोण हे न्यायालय ठरवील. आमचा प्रश्न त्याहून जुना आहे. जेथे कुलूप नाही आणि कोणी पाहतही नाही, तेथे मनुष्यास प्रामाणिक ठेवणारे काय असते? भय हे काम करू शकते काय?

या प्रश्नाचा विचार आम्ही आज एका दुसऱ्या बिनकुलपाच्या घराच्या आधाराने करणार आहो. ते घर म्हणजे मूलपेशींवर व मेंदूवर संशोधन करणारी प्रयोगशाळा. खेड्यातील मंडळीस याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या मंडळ्यांतील मुलेमुली आता विज्ञान शिकावयास पुण्यामुंबईस जातात. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. १९८६ साली सुरू झालेली ही संस्था देशातील संशोधकांस पेशी पुरविण्याचे काम करते. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, तेथे डॉ. विदिता वैद्य यांच्यासारख्या शास्त्रज्ञ मेंदू व भावना यांच्या संबंधाचा अभ्यास करीत आल्या आहेत. अशा ठिकाणी आपलीही लेकरे कामास लागोत अशी आपण प्रार्थना करतो. मग तेथे त्यांच्या आत्म्यापुढे कोणती परीक्षा येते, हे आपण जाणून घ्यावयास नको काय?

प्रथम ते काम समजून घेऊ. आपल्या शरीरातील बहुतेक पेशी आपापल्या कामास कायमच्या बांधलेल्या असतात: कातडीची पेशी कातडीची, मेंदूची पेशी मेंदूची. मूलपेशी मात्र अजून कोणत्याच कामास बांधलेली नसते. तिच्यातून निरनिराळ्या जातीच्या पेशी होऊ शकतात. पूर्वी सर्व जातींच्या पेशी देऊ शकणारी अशी मूलपेशी मानवी गर्भाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतून घ्यावी लागे, आणि त्यावरून ख्रिस्ती लोकांच्या मनात रास्त प्रश्न उठत. २००६ साली जपानातील क्योतो येथे शिन्या यामानाका व त्यांचे तरुण सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुके घालून तिला पुन्हा मूलपेशीसारखी केली. २००७ साली मनुष्याच्या पेशींतही हे साधले. २०१२ साली यामानाका यांस या शोधाबद्दल जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाविषयीचा प्रश्न यामुळे संपला नाही, पण बराच हलका झाला. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

या शोधाने मोठी आशा उत्पन्न केली. कंपवात झालेले वृद्ध आपल्या प्रत्येक गावी आहेत. हात थरथरतो, पाऊल अडखळते, पेला ओठापर्यंत पोहोचत नाही. मेंदूतील डोपामीन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात, त्यामुळे असे होते. मूलपेशींपासून तशा पेशी तयार करून मेंदूत सोडाव्या, हा त्यावरील एक प्रयत्न होय. क्योतो येथे २०१८ साली असा प्रयोग रोग्यांवर सुरू झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याचे फळ प्रसिद्ध झाले. सात रोग्यांस पेशी दिल्या. त्यांपासून गंभीर अपाय झाला नाही. ज्या सहा जणांच्या हालचालींची मोजदाद झाली त्यांपैकी चौघांत सुधारणा दिसली. केवळ सात रोगी, आणि त्यांतील चौघांस लाभ! इतके थोडे सांगण्यासाठी किती वर्षे खपावे लागले हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आता या कामातील अगदी खालच्या पायरीवर कोण असतो? कनिष्ठ संशोधक. वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. पदव्युत्तर शिक्षण झालेले, परीक्षा देऊन सरकारी शिष्यवृत्ती मिळविलेली. २०२३ च्या आरंभापासून ही शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे. याच्या हाती काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशा असतात; त्यांत पेशी वाढतात. त्यांस ३७ अंशांची ऊब लागते, ठराविक हवा लागते. त्यांचा अन्नरस वरचेवर, बहुधा रोज बदलावा लागतो. रविवार असो की दिवाळी, पेशींस सुट्टी नसते. दुभत्या जनावराचे जसे करावे लागते तसेच हे. मूलपेशीची चेतापेशी होण्यास कित्येक आठवडे लागतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवून मोजावे लागते: किती पेशी हव्या तशा झाल्या, किती मेल्या, किती अजून मूलपेशीच राहिल्या.

हे मोजणे कोणी पाहत नाही. रात्री नऊ वाजता त्या खोलीत तो एकटा असतो. त्याचे गुरू त्याने लिहिलेला आकडा पाहतात, बशी क्वचित पाहतात. दुसऱ्या शहरातील शास्त्रज्ञ छापलेला लेख वाचतात, वही वाचीत नाहीत. लेख छापण्यापूर्वी जे परीक्षक तो तपासतात, तेही लिहिणाऱ्याने मोजले ते खरे मोजले असे धरूनच चालतात. म्हणून आम्ही म्हणतो की विज्ञानाचे घर बिनकुलपाचे आहे. एकाने मोजावे व इतरांनी विश्वास ठेवावा, यावाचून ते एक दिवसही उभे राहणार नाही.

समजा, दहा बशांपैकी तीन बिघडल्या. त्या वगळून उरलेल्या सातांचाच हिशेब लिहिला, तर कोणास कळणार? समजा, शंभर पेशींत पाच पेशी अजून मूलपेशीच राहिलेल्या दिसल्या, आणि वहीत एक लिहिली. फरक चारांचा. पण बदल न झालेली मूलपेशी मेंदूत गेली तर ती तेथे वाढून गाठ होण्याची भीती असते. म्हणजे रात्री नऊ वाजता वहीत घातलेले ते चार पेशींचे पाणी कधी ना कधी एखाद्या थरथरणाऱ्या वृद्धाच्या डोक्यात पोहोचेल. शास्त्रात खोट्या तराजूचा परमेश्वरास वीट येतो असे सांगितले आहे. बाजारातील खोटे माप गिऱ्हाइकाची पिशवी हलकी करते. हे खोटे माप त्याचा जीव घेऊ शकते.

येथे पुष्कळ लोक सुचवितात की, मग भय वाढवा: तपासनीस नेमा, कडक शिक्षा करा. तपासणी हवी, हे आम्हांस मान्य आहे. परंतु प्रयोगशाळेत भयाची गती उलटी होते, आणि आमच्या विचाराचा मुख्य धागा हाच आहे. शिंगणापुरात भय दाराची राखण करते असे मानतात. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा भयच दार उघडून चोरास आत घेते. कनिष्ठ संशोधकाचे सर्व काही एका गुरूच्या हाती असते: पुढील वर्षाची शिष्यवृत्ती, पदवी, शिफारसपत्र. प्रयोग फसला असे सांगितले तर ते काय म्हणतील? दुसऱ्या देशातील कोणी आपल्या आधी हाच शोध छापला तर? घरी आईबाप विचारतील, चार वर्षे झाली, अजून काही हाती आले नाही काय? असे भय मनात बसले की हात आकड्याकडे वळतो. लोभाने खोटे लिहिणारे थोडे. भिऊन खोटे लिहिणारे पुष्कळ.

प्रभूने सांगितलेल्या तीन चाकरांच्या दृष्टान्तात हेच दिसते. तिसऱ्या चाकराने धन्याचा पैसा उधळला नाही, चोरला नाही. त्याने तो जमिनीत पुरला. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला की, धनी कठोर आहे असे समजून तो भ्याला. भयाने त्यास चोख केले नाही. भयाने त्यास लपविण्यास शिकविले. एदेन बागेतही पहिल्या मनुष्याने भयाच्या पोटी प्रथम जे केले ते झाडांआड लपणे होय.

याचे मोठे उदाहरण कोरिया देशात घडले. सोल राष्ट्रीय विद्यापीठातील ह्वांग वू-सुक यांनी २००४ व २००५ साली असे प्रसिद्ध केले की, आपण मानवी गर्भाची प्रतिकृती करून तीतून मूलपेशी काढल्या, आणि पुढे अकरा रोग्यांच्या जुळत्या मूलपेशीही तयार केल्या. देशाने त्यांस डोक्यावर घेतले. २००५ साली कोरियाच्या टपाल खात्याने एक तिकीट काढले. त्यावर चाकांच्या खुर्चीतील मनुष्य उठतो व चालू लागतो असे चित्र होते. पाहणारास शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्याची आठवण व्हावी असेच ते होते! पण चौकशीअंती जानेवारी २००६ मध्ये विद्यापीठाच्या समितीने सांगितले की, रोग्यांच्या म्हणून दाखविलेल्या त्या पेशी नव्हत्याच. ज्या नियतकालिकात ते लेख आले होते त्याने ते मागे घेतले.

त्या प्रयोगशाळेतील कनिष्ठांची स्थिती काय होती? संशोधनासाठी स्त्रीबीजे लागत. आपल्या हाताखालच्या दोन तरुण स्त्रियांनी स्वतःची स्त्रीबीजे दिली होती, हे ह्वांग यांनी आधी नाकारले आणि नोव्हेंबर २००५ मध्ये कबूल केले. ज्याच्या हाती आपले भविष्य आहे, त्याच्या कामासाठी दिलेले असे दान खरोखर स्वेच्छेचे असते काय, हा प्रश्न तेव्हा जगभर विचारला गेला. जेथे "नाही" म्हणण्याची मोकळीक नाही तेथे "होय" या शब्दास किंमत राहत नाही.

पण त्याच प्रयोगशाळेत एक तरुण होता, रियू योंग-जून. तो २००४ साली ते काम सोडून गेला होता. पुढे त्याच्या कानी आले की, पाठीच्या कण्यास इजा झालेल्या एका दहा वर्षांच्या मुलावर या पेशींचा प्रयोग करण्याचा बेत आहे, आणि तू चालू लागशील असे त्या मुलास सांगितले गेले आहे. आत काय होते व काय नव्हते, याची त्यास शंका होती. त्या मुलास अपाय होईल या काळजीने त्याने २००५ साली एका दूरचित्रवाणी संस्थेस गुप्तपणे कळविले. तेथून चौकशीचा आरंभ झाला. आणि इतर तरुण संशोधकांनी छापलेली चित्रे ताडून पाहून तीच चित्रे पुनःपुन्हा वापरली आहेत हे दाखविले. रियूचे नाव फुटताच लोक त्याच्यावर संतापले. त्यास रुग्णालयातील नोकरी सोडावी लागली आणि कित्येक महिने लपून राहावे लागले.

ह्या मनुष्यास भय नव्हते काय? होते, आणि त्याचे भय खरे ठरले. पण त्याच्या डोळ्यांपुढे आपली नोकरी एवढेच नव्हते, एक लेकरू होते. भयाहून मोठे असे काही मनात असल्यावाचून मनुष्य भयाच्या विरुद्ध चालू शकत नाही. प्रीती भयास घालवून देते असे योहान आपल्या पत्रात शिकवितो, त्याचा अर्थ या कथेत कळतो. प्रीती म्हणजे येथे गोड भावना नव्हे. ज्यास आपण कधी पाहिले नाही, जो आपले नावही जाणत नाही, त्या रोग्यास आपल्या वहीच्या पानावर बसलेला पाहणे म्हणजे प्रीती.

कोणी म्हणेल, शास्त्र तर परमेश्वराचे भय धरावयास सांगते. ते खरे आहे. पण ते भय व शिक्षेचे भय यांत मोठा भेद आहे, आणि तो एका कसोटीने ओळखता येतो. जे भय मनुष्यास झाडाआड लपविते ते मनुष्यांचे व शिक्षेचे भय. जे त्यास उजेडात उभे करून "मी चुकलो, प्रयोग फसला" असे म्हणावयास लावते ते परमेश्वराचे भय. पहिल्यास दुसऱ्याचा डोळा लागतो. दुसऱ्यास एकान्त पुरतो.

मग भ्यालेल्या कनिष्ठाने खोटे लिहिले तर तो निर्दोष ठरतो काय? नाही. अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी हाही एक कनिष्ठच होता. नामान बरा झाला तेव्हा अलीशाने त्याच्याकडून काही घेतले नाही. गेहजीने मागाहून धावत जाऊन धन्याच्या नावाने रुपे व वस्त्रे मागून घेतली. चाकर लहान होता म्हणून त्याचा अपराध लहान ठरला नाही. आणि आरोग्याच्या नावाने फसवून पैसे घेण्याचे ते पाप आजही चालू आहे. भारतात २०१७ साली मूलपेशींविषयी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांचा भावार्थ असा की, रक्ताचे काही ठराविक आजार सोडले तर इतर रोगांवर मूलपेशी देणे हा सिद्ध उपचार नव्हे. ते परवानगी घेतलेल्या प्रयोगादाखलच व्हावे. असे असता मुलाच्या मेंदूच्या व्याधीवर किंवा वडिलांच्या कंपवातावर "मूलपेशींचे इंजेक्शन" देऊ म्हणून कोणी लाखो रुपये मागितले, तर आमच्या वाचकांनी जमीन गहाण टाकण्यापूर्वी सरकारी रुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील जाणत्या डॉक्टरास विचारावे. खरा प्रयोग करणारा आपल्या प्रयोगाचा खर्च रोग्यावर घालीत नाही.

कनिष्ठ दोषमुक्त नाही. तरी वडिलांचा वाटा मोठा आहे. यामानाका यांच्या प्रयोगशाळेतील गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी चोवीस जनुके निवडली होती. ताकाहाशी यांनी ती सर्व एकत्र घातली तेव्हा मूलपेशींसारखे पुंजके दिसले. गुरूंनी आनंदाने ते लगेच छापावयास धाडले नाही. कदाचित दुसऱ्या पेशींची भेसळ झाली असेल अशी शंका धरून त्यांनी ते पुनःपुन्हा करून पाहावयास लावले. पुढे एकेक जनुक वगळून चार कोणती हे ठरले. ही युक्ती ताकाहाशी यांची, असे यामानाका यांनी स्वतः सांगितले आहे. ज्या घरात गुरू चांगल्या बातमीवरही शंका घेतो आणि शिष्याच्या सुचनेस त्याचे नाव देतो, त्या घरात शिष्यास खोटी बातमी आणण्याचे कारण उरत नाही. बिनकुलपाच्या घराची खरी राखण ही होय: जेथे "साधले नाही" हे शब्द बोलणारास कोणी हाकून देत नाही असा सहवास.

आणि असा सहवास प्रयोगशाळेतच जन्मतो असे नाही; तो घरी व मंडळीत शिकविला जातो. दहावी-बारावीचा निकाल लागला म्हणजे उपासनेत उत्तीर्ण मुलांची नावे वाचतात, हे चांगले आहे. पण जो नापास झाला तो त्या रविवारी उपासनेस येण्याचे टाळतो, तर त्याने त्या दिवशी काय धडा घेतला? लपावे, हा. तोच मुलगा पुढे प्रयोगशाळेत गेला आणि बशा बिघडल्या, तर त्याचा हात कोठे वळेल? जी मंडळी केवळ यशाची साक्ष ऐकते, ती आपल्या लेकरांस नकळत खोटे मोजावयास शिकविते.

म्हणून पाळक, वडीलमंडळी व आईबाप यांस आमची विनंती आहे. मुलगी सुट्टीत पुण्याहून घरी आली म्हणजे "शोध लागला का?" हा प्रश्न आधी विचारू नका. "काय काय फसले, बाई?" असे विचारा, आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. तिला समजू द्या की, या घरी फसलेला प्रयोग सांगून मनुष्य लहान होत नाही. मग रात्री नऊ वाजता ती एकटी सूक्ष्मदर्शकाशी बसेल, तेव्हा तिला वहीत पाच लिहिण्यास कोणाचे भय राहणार नाही. आणि जो वृद्ध तिला कधी भेटणार नाही त्याचा तो पहिला उपकार होईल. थोडक्यात विश्वासू असणे म्हणजे हेच, आणि देवाच्या राज्यात पुष्कळाचा कारभार अशांच्याच हाती सोपविला जातो.